फोर बाय फोरचं कंट्रोल मॉड्यूल बदलायचंय? आधी तपासणी, मग पार्ट, मग बिल



गॅरेज टाकलेल्या किंवा टाकायच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न सारखा येतो. "सर, फोर बाय फोर गाडी आली, डॅशबोर्डवर फोर डब्ल्यूडीचा दिवा लुकलुकतोय, कस्टमर म्हणतो मॉड्यूल गेलंय. काम घेऊ का?"

उत्तर आहे, घ्या. पण पद्धतीने घ्या. हे काम नीट केलं तर चांगले पैसे देतं आणि तालुक्यात नाव करून देतं. अंदाजाने केलं तर एकाच गाडीत महिनाभराची कमाई जाते. व्हिडिओमध्ये मी पाने-स्क्रू दाखवले होते. इथे त्यामागचं गणित, क्रम आणि कागदपत्रं सविस्तर लिहितोय. हे वाचून तुम्ही लगेच मेकॅनिक होणार नाही. पण दुकानाचा मालक म्हणून मेकॅनिकला कोणते प्रश्न विचारायचे आणि कस्टमरला काय सांगायचं, ते नक्की कळेल.

आधी समजून घ्या: हे मॉड्यूल करतं काय?

आपल्याकडे फोर बाय फोर गाड्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या दिसतात. एक, लिव्हरवाल्या. जुनी जिप्सी घ्या किंवा २०२० ची थार घ्या, ड्रायव्हर हाताने लिव्हर ओढतो आणि ट्रान्सफर केसमधला गिअर बदलतो. दुसऱ्या, बटणवाल्या. सफारी स्टॉर्मचं फोर बाय फोर मॉडेल, स्कॉर्पिओची फोर डब्ल्यूडी, इसुझूची व्ही-क्रॉस अशा गाड्यांत ड्रायव्हर फक्त डॅशबोर्डवरचा नॉब फिरवतो. बाकीचं काम वीज करते.

नॉबवर सहसा तीन जागा असतात. टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात. फोर-एच म्हणजे चारही चाकं ओढतात. फोर-एल म्हणजे चारही चाकं ओढतात आणि वर गिअर खाली येतो, त्यामुळे वेग कमी होतो पण ताकद साधारण अडीच पटीने वाढते. चिखलात रुतलेली गाडी काढायला किंवा उभ्या चढाला हेच लागतं.

आता नॉब फिरवल्यावर आत काय होतं ते बघा.

नॉब मॉड्यूलला सिग्नल देतो. मॉड्यूल लगेच मोटर फिरवत नाही. आधी बघतं, गाडीचा वेग किती आहे? फोर-एल हवं असेल तर गाडी उभी आहे का, न्यूट्रलमध्ये आहे का किंवा क्लच दाबलाय का? सगळं जुळलं तरच ते ट्रान्सफर केसवरच्या शिफ्ट मोटरला करंट देतं. मोटर फिरते आणि आतला फोर्क सरकवते. मोटरच्या पोटात एन्कोडर असतो, म्हणजे मोटर आत्ता कुठे उभी आहे हे सांगणारा सेन्सर. त्याने "पोहोचलो" असं कळवलं की मॉड्यूल करंट बंद करतं आणि डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर पेटतो.

म्हणजे मॉड्यूल हा मुकादम आहे. माहिती घेतो, हुकूम देतो, काम झालं का ते बघतो. मजुराने काम केलं नाही किंवा निरोपच चुकीचा आला तर दोष मुकादमाचा नसतो. पण दिवा मात्र मुकादमच लावतो. म्हणून सगळ्यांना वाटतं, मॉड्यूल गेलं!

मॉड्यूल नाही तर मग काय बिघडतं?

आपल्या भागातल्या गाड्यांचा विचार करा. कोकणातला पाऊस, खारी हवा, घाटातला चिखल, शेतातल्या ओढ्यातून रोजची ये-जा. शिफ्ट मोटर कुठे असते? गाडीच्या पोटाखाली, ट्रान्सफर केसवर. तिचा कनेक्टर पाणी, चिखल, प्रेशर वॉशिंग सगळं झेलतो. मॉड्यूल मात्र बऱ्याच गाड्यांत केबिनमध्ये, डॅशबोर्डच्या आत किंवा पॅनेलमागे कोरड्या जागी असतं. आधी कोण बिघडेल, तुम्हीच सांगा.

नेहमी सापडणारी कारणं अशी:

१. बॅटरी कमजोर. शिफ्ट मोटरला चांगला करंट लागतो. व्होल्टेज पडलं की मोटर अर्ध्यात थांबते आणि दिवा लुकलुकतो.

२. फ्यूज किंवा रिले. सर्वात स्वस्त कारण, आणि बऱ्याचदा सगळ्यात शेवटी तपासलं जाणारं.

३. अर्थिंग खराब. चासीला जोडलेली वायर गंजलेली किंवा सैल.

४. मोटरच्या कनेक्टरमध्ये पाणी. पिना हिरव्या पडलेल्या.

५. मोटर जाम. जी गाडी वर्षभर टू-एचमध्येच चालते तिचं असं होतं. जे वापरत नाही ते गंजतं.

६. एन्कोडर चुकीची जागा सांगतो. मोटर बरोबर पोहोचलेली असते, पण निरोप चुकीचा जातो.

७. पुढच्या ॲक्सलला जोडणारी यंत्रणा. काही गाड्यांत ही व्हॅक्यूमवर चालते. रबरी पाइपला चीर गेली की मागे सगळं बरोबर, पण पुढची चाकं ओढत नाहीत.

८. बाहेरून केलेलं वायरिंग. लाइट बार, जादा हॉर्न, कॅमेरा बसवताना कुणीतरी भलत्याच वायरीतून करंट घेतलेला असतो.

आणि मग नवव्या नंबरवर मॉड्यूल.

मॉड्यूल कधीच जात नाही असं नाही. जातं. उलटी जंप केबल लावली, बॅटरी न काढता गाडीवर वेल्डिंग केलं, आत पाणी शिरलं, शिफ्ट मोटर शॉर्ट होऊन आतला ड्रायव्हर सर्किट जळला, तर मॉड्यूल जातंच. म्हणून कस्टमरला पहिला प्रश्न हा विचारा: "दादा, एवढ्यात बंपर, कॅरिअर काही वेल्डिंग करून घेतलंत का? जंप स्टार्ट केली होती का?" या एका प्रश्नाने अर्धी दिशा मिळते.

अंदाजाचं गणित कागदावर मांडा

आता आपल्या विषयाकडे येऊ, म्हणजे पैशाकडे. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गाडीचे, तुमच्या गावाचे आकडे घालून बघा. जीएसटी सध्या बाजूला ठेवू.

समजा मॉड्यूल तुम्हाला १८,००० रुपयांना पडतं आणि तुम्ही २१,००० ला लावता. पार्टवर सुटले ३,०००. बसवण्याची मजुरी २,५००. तपासणी फी १,०००. एकूण ६,५००. त्यातून कामगार, वीज, जागा यांचा त्या कामावरचा खर्च १,५०० धरा. हातात राहिले ५,०००.

छान वाटतं ना? आता समजा तुम्ही तपासणी न करता पाच गाड्यांना मॉड्यूल टाकलं. चार बरोबर निघाल्या, एक चुकली. चार गाड्यांचे २०,००० मिळाले. चुकलेल्या गाडीचं मॉड्यूल तुमच्याच गळ्यात पडलं, म्हणजे १८,००० गेले. वर त्या कामाचा १,५०० खर्च झालाच. गेले एकूण १९,५००.

पाच गाड्या करून हातात राहिले ५०० रुपये.

पाचपैकी चार बरोबर, म्हणजे परीक्षेत ८० टक्के. शाळेत पेढे वाटतात. धंद्यात ८० टक्क्यांवर चहाचा खर्चसुद्धा निघाला नाही. महाग पार्टच्या कामात हे लक्षात ठेवा: नफा पार्टमध्ये कमी असतो आणि धोका मात्र पार्टच्या पूर्ण किमतीएवढा असतो. १८,००० वर ३,००० म्हणजे विक्रीच्या किमतीवर साधारण १४ टक्के. १४ टक्के कमवायला आपण १०० टक्के पैसे पणाला लावतोय. मग तपासणीत तास-दोन तास घातले तर ते वाया जातात का? उलट सगळ्यात जास्त कमाई त्या दोन तासांतच होते.

आमच्या बॅचमधल्या एकाची गोष्ट सांगतो. तळकोकणात तालुक्याच्या गावी त्याचं छोटं गॅरेज आहे. आंब्याच्या बागेत जाणारी सात-आठ वर्षं जुनी फोर बाय फोर त्याच्याकडे आली. दुसऱ्या कुणीतरी आधीच "मॉड्यूल गेलंय" असं सांगून ठेवलेलं. कस्टमरही घाईत, म्हणाला टाकून द्या. याने शहरातून मॉड्यूल मागवलं आणि बसवलं. दिवा तसाच लुकलुकत राहिला. शेवटी गाडी वर घेऊन मोटरचा कनेक्टर उघडला तर आतून पाणी निघालं आणि एक पिन गंजून तुटलेली. नवीन कनेक्टर आणि दोन तासांचं काम, एवढ्यावर गाडी ओके. पण मॉड्यूल? सील उघडलेला, बसवलेला इलेक्ट्रॉनिक माल. पुरवणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. कस्टमर म्हणाला, "जे खराब नव्हतं त्याचे पैसे मी का देऊ?" आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. ते मॉड्यूल गॅरेजच्या कपाटात पडून आहे. त्या पैशात हंगामाआधी ऑइल आणि फिल्टरचा स्टॉक भरायचा होता, तो राहिला.

तपासणीचा क्रम: स्वस्तापासून महागाकडे

क्रम भिंतीवर लिहून लावा. मेकॅनिक कितीही अनुभवी असो, टप्पा ओलांडायचा नाही.

पहिला टप्पा, तक्रार ऐकणं आणि स्वतः बघणं. दिवा कधी लागतो? पावसात जास्त? गाडी गरम झाल्यावर? नॉब फिरवल्यावर पोटाखालून मोटरचा आवाज येतो का? आवाज येतो आणि शिफ्ट होत नाही, तर हुकूम मोटरपर्यंत पोहोचतोय. मॉड्यूलवरचा संशय तिथेच कमी झाला.

चारही टायर एकाच मापाचे आहेत का तेही बघा. पुढे एक साइज, मागे दुसरी असेल तर फोर-एचमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टची ओढाताण होते आणि शिफ्ट अडकतं.

दुसरा टप्पा, बॅटरी. गाडी बंद ठेवून मीटर लावा. चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. इथेच गडबड असेल तर पुढे जाऊच नका. आधी बॅटरी किंवा चार्जिंगचं बघा.

तिसरा टप्पा, स्कॅनर. ओबीडीच्या १६ पिनी सॉकेटला लावा, कोड लिहून घ्या, फोटो काढा. कोड लगेच खोडू नका, तो पुरावा आहे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोड म्हणजे निदान नाही. "शिफ्ट मोटर सर्किट" असा कोड आला तर मोटर, वायर, कनेक्टर, अर्थिंग, मॉड्यूल यातलं काहीही असू शकतं. कोड फक्त गल्ली सांगतो, घर नंबर आपण शोधायचा. स्कॅनर साधा इंजिनपुरता असेल तर तो फोर डब्ल्यूडी मॉड्यूलशी बोलणारच नाही. म्हणून घेताना "सगळी मॉड्यूल वाचतो का?" हे विचारून घ्या.

स्कॅनर मॉड्यूलशी बोलतच नसेल, तर मॉड्यूल मेलंय असं लगेच म्हणू नका. त्याला सप्लाय आणि अर्थिंग मिळतंय का ते बघा. गाडी कॅन वायरिंगची असेल तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम आला तर मुख्य लाइन सहसा धड आहे. १२० च्या आसपास आला तर कुठेतरी लाइन तुटल्याची शक्यता आहे.

चौथा टप्पा, फ्यूज, रिले, अर्थिंग. फ्यूज डोळ्याने नाही, मीटरने तपासा. अर्थिंग तपासताना नुसता बीप ऐकून समाधान मानू नका. वायरचे दहापैकी नऊ तंतू तुटलेले असले तरी मीटर बीप देतो. त्यासाठी जुना, स्वस्त उपाय म्हणजे २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब. त्या वायरमधून तो पेटवून बघा. तो जवळपास पावणेदोन ॲम्पिअर ओढतो. खऱ्या कामात वायर किती करंट पेलते ते लगेच दिसतं. बल्ब मंद पेटला तर वायर आजारी आहे. मात्र हा बल्ब फक्त मोटरच्या सप्लाय आणि अर्थिंगच्या वायरींवर वापरायचा, सेन्सरच्या बारीक सिग्नल वायरींवर नाही.

पाचवा टप्पा, मोटर आणि एन्कोडर. कनेक्टर काढून पिना बघा. पाणी, हिरवा थर, मागे सरकलेली पिन, सगळं तपासा. मोटरच्या दोन मुख्य वायरी वायरिंग डायग्रामवरून ओळखा आणि नॉब फिरवताना तिथे व्होल्टेज येतंय का बघा. मॉड्यूलकडून पूर्ण व्होल्टेज येतंय आणि मोटर हलत नाही, तर मोटर खराब किंवा ट्रान्सफर केस आतून अडकलेली. मोटरला थेट बॅटरी देऊन तपासायचं असेल तर फक्त मोटरच्याच वायरींना द्या. एन्कोडरच्या वायरीत १२ व्होल्ट गेले तर धड असलेला सेन्सर तुम्हीच माराल.

सहावा टप्पा, मॉड्यूल. आता विचारा: सप्लाय बरोबर? अर्थिंग बरोबर? नॉबचा सिग्नल आत येतोय? वेगाचा, न्यूट्रलचा सिग्नल येतोय? एन्कोडर बरोबर सांगतोय? वायरी आणि मोटर धड? सगळ्याला "हो" आणि तरीही बाहेर हुकूम जात नाही, तेव्हाच मॉड्यूल दोषी. त्याआधी नाही.

मॉड्यूल ठरलं, आता मागवताना

पार्ट नंबर जुन्या मॉड्यूलच्या स्टिकरवरून घ्या. गाडीचं नाव आणि वर्ष सांगून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, वर्ष बदललं की आतलं सॉफ्टवेअर बदलतं. बाहेरून कनेक्टर तंतोतंत बसतो आणि आत भाषा वेगळी असते. स्टिकरचा फोटो आणि गाडीचा चासी नंबर दोन्ही पाठवा आणि पुरवणाऱ्याकडून लेखी होकार घ्या. मेसेजवर आला तरी चालेल, पण लेखी हवा.

जुना पार्ट घ्यायचा का? पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत काश्मिरी गेटला चौकशी केली की पर्याय मिळतात, आणि बंद झालेल्या मॉडेलला कधीकधी तेवढाच मार्ग उरतो. पण तीन अटी पाळा. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. ते मॉड्यूल दुसऱ्या गाडीला पुन्हा सेट होतं का हे आधी कळलं पाहिजे, कारण काही गाड्यांत ते चासी नंबरशी बांधलेलं असतं. आणि किती दिवसांची टेस्टिंग गॅरंटी आहे हे बिलावर आलं पाहिजे. कस्टमरलाही "जुना पार्ट" असं स्पष्ट लिहून द्या. नवीन म्हणून लावणं ही फसवणूक आहे. सोडून द्या तो विचार.

तिसरा पर्याय दुरुस्तीचा. रिले किंवा सोल्डरिंगपुरतं नुकसान असेल तर चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला बोर्ड दुरुस्त करतो. बोर्डवर पाणी बसून गंज पसरला असेल तर त्यात पडू नका.

गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर? हात न लावता अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवा. तपासणी फी घ्या आणि प्रामाणिक सल्ला द्या. तो कस्टमर पुढच्या प्रत्येक कामाला तुमच्याकडे येईल.

बदलण्याची पद्धत

काम मोजून-मापून केलं तर अवघड नाही.

१. नॉब टू-एचमध्ये, इग्निशन बंद, चावी बाहेर. चाकांना ठोकळे लावा.

२. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. रेडिओचा कोड, सेटिंग असेल तर आधीच विचारून ठेवा.

३. पॅनेल काढताना क्लिपा मोडू नका. तुटलेली क्लिप म्हणजे पुढचं वर्षभर डॅशबोर्डचा खडखडाट आणि तेवढेच दिवस तुमच्या नावाने शंख. मॉड्यूल एअरबॅगच्या वायरिंगजवळ असेल तर त्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका.

४. कनेक्टर काढण्याआधी फोटो काढा. लॉक दाबूनच काढा, वायर धरून ओढू नका.

५. बोर्डाला आणि पिनांना बोटं लावू नका. आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज काढून टाका.

६. जुन्या आणि नव्या मॉड्यूलचे स्टिकर शेजारी ठेवून फोटो काढा. कस्टमरच्या मोबाइलवर पाठवा.

७. नवीन बसवा, लॉकचा "टक" आवाज ऐका, मग बॅटरी जोडा.

८. स्कॅनर लावून कॉन्फिगरेशन किंवा लर्निंग करा. गाडीनुसार हे बदलतं. कुठे चासी नंबर लिहावा लागतो, कुठे मोटरची जागा शिकवावी लागते, कुठे काहीच नाही. हे चालू असताना बॅटरीला चार्जर किंवा सपोर्ट लावून ठेवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवीन मॉड्यूलसुद्धा मरू शकतं. लोडशेडिंगच्या भागात दुकान असेल तर वीज जाण्याची वेळ बघूनच सुरुवात करा.

९. कोड खोडा, इग्निशन बंद-चालू करा, पुन्हा स्कॅन करा.

१०. ट्रायल घ्या. पण कुठे? डांबरी रस्त्यावर नाही! अशा पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का जोडला जातो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीवर चाक थोडं घसरून फरक भरून काढतं, कोरड्या डांबरावर ते होत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून मोकळ्या, भुसभुशीत मातीवर जा. टू-एच, फोर-एच, फोर-एल आणि परत टू-एच, अशी फेरी दोन-तीन वेळा करा.

कस्टमरला हेच वापरायला शिकवा. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-एच लावून थोडं अंतर चालवा, म्हणजे मोटर जाम होत नाही. हा सल्ला फुकट द्या. बिलावर छापून दिलात तर आणखी चांगलं.

कस्टमरशी बोलायचं कसं?

बहुतेक जण इथे अडतात. तपासणीचे पैसे मागायला लाजतात. समोरून येतं, "अहो, नुसतं बघायचे कसले पैसे?"

असं सांगा: "साहेब, बघायचे नाहीत, शोधायचे पैसे आहेत. मी अंदाजाने महागडा पार्ट टाकला आणि गाडी नीट झाली नाही, तर नुकसान तुमचं की माझं यावर आपलं भांडण होईल. त्यापेक्षा आधी एक हजारात नक्की काय खराब आहे ते लेखी देतो. फक्त वायर निघाली तर तुमचे पार्टचे सगळे पैसे वाचले."

बहुतेकांना पटतं. ज्याला पटत नाही आणि जो म्हणतो "मी सांगतो तेच टाका", त्याच्याकडून जॉब कार्डवर लिहून घ्या: "तपासणी न करता ग्राहकाच्या सांगण्यावरून पार्ट बदलला." सही घ्या, पार्टची पूर्ण रक्कम आधी घ्या. खरं तर असं काम सोडलेलंच बरं.

जॉब कार्डवर एवढं हवंच: गाडीचा नंबर, किलोमीटर, कस्टमरच्या शब्दांत तक्रार, सापडलेले कोड, केलेल्या तपासण्या, अंदाजे खर्च, ॲडव्हान्स, गॅरंटीची मुदत आणि सही. पार्ट मागवण्याआधी किमान पार्टच्या किमतीएवढा ॲडव्हान्स घ्या. पैसे तुमचे अडकायला नकोत. काम झाल्यावर जुना पार्ट कस्टमरच्या हातात द्या. विश्वास त्यातूनच बसतो.

बिल आणि कायदा, थोडक्यात

बिलावर पार्ट आणि मजुरी वेगळी दाखवा. वाहनांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे आणि दुरुस्तीच्या सेवेवरही १८ टक्के. म्हणजे जीएसटीत नोंद असेल तर कस्टमरला सांगताना "एवढे अधिक जीएसटी" की "सगळं मिळून एवढे" हे पहिल्या दिवशीच स्पष्ट करा. २६,००० च्या बिलावर जीएसटी होतो ४,६८०. गाडी न्यायच्या दिवशी हा आकडा नव्याने ऐकला की कुणाचंही डोकं फिरतं.

दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असेल तर तिच्यावर फार विसंबू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल ठरलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं, आणि बिल न देणं, हे दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत येतं. पाटीपेक्षा चांगला पुरवठादार आणि लेखी अटी जास्त वाचवतात.

हे काम तुमच्यासाठी आहे का?

सगळ्यांसाठी नाही. तुमच्या भागात फोर बाय फोर गाड्या किती आहेत ते आधी मोजा. घाटमाथा, कोकण, जंगलाजवळचे तालुके, बागायतदारांची गावं इथे काम मिळेल. सपाट शहरी भागात वर्षात दोन-चार गाड्या येतील, तेवढ्यासाठी महागडा स्कॅनर घेऊ नका.

स्कॅनरचं गणित साधं आहे. समजा तो ४०,००० चा आहे आणि प्रत्येक तपासणीमागे खर्च वजा जाता ८०० सुटतात. ५० तपासण्यांत पैसे वसूल. आठवड्याला तीन गाड्या आल्या तर साधारण १७ आठवडे, म्हणजे चार महिने. आठवड्याला एकच आली तर जवळपास वर्ष. पहिल्या हिशोबात घ्या, दुसऱ्यात शेजारच्या स्कॅनरवाल्याशी ठरवून काम करा. दोन-तीन गॅरेजनी मिळून एक घेतला तरी चालतो, फक्त कुणाकडे कधी हे लिहून ठेवा.

सुरुवातीला एक चांगला मल्टिमीटर, २१ वॉटचा बल्ब आणि वरचा सहा टप्प्यांचा कागद, एवढ्यावर बऱ्याच गाड्यांचा खरा दोष सापडतो. पावसाळ्यात रात्री घाटातून घरी येणारा माणूस तुमच्या कामावर विसंबून नॉब फिरवणार आहे. त्याची गाडी अर्ध्यात अडकली नाही, तर पुढच्या वर्षी तो त्याच्या भावाची गाडीही तुमच्याकडेच पाठवेल.

तुमच्या भागातले आकडे घालून पाच गाड्यांचं गणित आज कागदावर मांडा. कुठे अडलात तर व्हिडिओखाली विचारा, पुढच्या भागात जॉब कार्डचा नमुना भरून दाखवतो. भेटू!